डावीकडून चौथा

मी, शामराव रामजी गमरे, वय चौपन्न (आईच्या तोंडी हिशेबाने, दाखला नाही), धर्म बौद्ध, धंदा फिरता फोटोग्राफर, राहणार बी.डी.डी. चाळ, वरळी, मुंबई १८, मूळचा तालुका संगमेश्वरचा, असे लिहून ठेवतो की माझे डोके जागेवर आहे. छाती जागेवर नाही. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला तेव्हा मीही मागून डोकावलो आणि तीस वर्षांच्या सवयीने मला कळले की ही काच धुऊन साफ होणारी नाही. मला दारूचे व्यसन नाही, माझ्यावर आज कोणाचा दाब नाही. एकदा होता, आणि त्या वेळी मी काय केले तेच सांगायला बसलो आहे.

कलम १. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. करण्याजोगे काही नव्हते, आणि आताही खरे म्हणजे एका फोटोपुरतेच आहे. बाकीच्या चीजवस्तू मधे येतात म्हणून त्यांचीही विल्हेवाट लावतो. तो फोटो लालबागच्या दत्ताराम मांडवकर या गिरणी कामगाराचा. दत्ताराम जानेवारी १९५६ च्या गोळीबारात गेला. त्याच्या नावाने लालबागच्या मंडळाच्या हॉलमध्ये गेली चार वर्षे हार घालून जो फोटो लावला आहे, तो दत्तारामचा नाही. चूक माझी. खरा फोटो माझ्या ट्रंकेत आहे. तो त्याच्या बायकोच्या हाती पडावा म्हणून हा सगळा खटाटोप.

कलम २. माझी मयत बहीण चंपा हिची मुलगी नलू माझ्यापाशी वाढली, सध्या मास्तरणीच्या ट्रेनिंगला आहे. या मृत्युपत्राचा अंमल तिने करावा. माझ्या मागे पंधरा दिवसांच्या आत हे सगळे, एक ओळ न गाळता, त्याच मंडळाच्या हॉलमध्ये चिटणीस नाना खामकर हजर असताना मोठ्याने वाचावे. नलूचा आवाज खणखणीत आहे. नानांना काम निघाले, पोटात दुखले, अध्यक्ष आले नाहीत, असे काहीही झाले तर वाचन पुढे ढकलावे. पण नानांवाचून वाचू नये.

कलम ३. मी बौद्ध म्हणून मरणार आहे. पिंड, कावळा, तेरावे यांतले काही करू नये. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी रड घातली तर त्यांना चहा पाजून परत पाठवावे. खोली सरकारी भाड्याची असल्यामुळे ती कोणाला देण्याचा मला अधिकार नाही. भाडेपावतीवर नलूचे नाव चढवण्याचा अर्ज मी दिला आहे. तीन वेळा दिला आहे. चौथा ट्रंकेत झाकणाच्या आत तयार आहे, तिने फक्त तारीख घालावी.

कलम ४. कॅमेरा, लाकडी तिपाई व काळे फडके: ही गिरगावच्या श्रीमती व्हायोलाबाई यांना परत करावीत. त्यांचे यजमान रूपर्ट साहेब यांच्या स्टुडिओत मी चौदा वर्षे अंधाऱ्या खोलीत काम केले. अंधारात माणसाची जात दिसत नाही म्हणून असेल, पण तिथे माझे काही अडले नाही. बाहेर उजेडात गिऱ्हाइकांसमोर मात्र मला यायची बंदी होती. पुढे पुढे लग्नांचे फोटो मीच काढायचो, आणि पाठीवर शिक्का त्यांचा. एकदा प्रदर्शनात माझ्या फोटोला बक्षीस मिळाले. साहेब बक्षीस घेऊन आले आणि मला म्हणाले, "शाम, तू कागद छान धुतोस." ते वारल्यावर व्हायोलाबाईंनी हा कॅमेरा माझ्या हाती ठेवला, म्हणाल्या, "घे रे शाम, तुझ्याच हातचा आहे हा." त्या घरातले एवढे एकच वाक्य मला गोड लागले. त्यांनी कॅमेरा विकावा, ठेवावा, वाटेल ते करावे. साहेबांच्या तसबिरीखाली शोभेला मात्र ठेवू नये.

कलम ५. पडदा. राजवाड्याचा जिना, कारंजे आणि दोन हंस काढलेला हा पडदा गिरगावातल्या नाटकाच्या एका रंगाऱ्याने मला करून दिला. खांद्यावर टाकून मी तो गिरणगावात गल्लोगल्ली आणि मे महिन्यात कोकणात गावोगावी फिरवला. परळच्या खोल्यांमध्ये पाळी लावून झोपणाऱ्या शेकडो माणसांनी या जिन्याशेजारी उभे राहून फोटो काढले आणि गावी पाठवले. गावाकडच्या बायकांना वाटायचे, धनी राजवाड्यात नोकरीला आहेत. मीही कधी कोणाचा भ्रम मोडला नाही. भ्रमावरच माझे पोट होते. पडद्याच्या नलूने पिशव्या शिवाव्यात. कापड चांगले आहे.

कलम ६. बिस्किटांचे तेवीस डबे, काचा व फिल्मी, आणि चार वह्या. हा माझा संग्रह. प्रत्येक काच कागदात, कागदावर नंबर, नंबराप्रमाणे वहीत ठिकाण आणि नावे. शिकलो तिसरीपर्यंत, पण वह्या बघून कोणी तसे म्हणणार नाही. कफ परेडच्या मच्छीमारांचा डबा वेगळा आहे. त्यात एक कोळीण आहे, हातात तिच्याएवढी घोळ. मी म्हटले, नवऱ्याला पण शेजारी उभा करा. ती म्हणाली, "त्याचा कशाला? तो रोज दिसतं. ह्यो मासा परत मिळंल काय?" माटुंग्याच्या डब्यात एका मद्राशी बाईचा पाठमोरा फोटो आहे, केस गुडघ्यापर्यंत. विषमज्वरात दुसऱ्या दिवशी ते कापायचे होते. आधी फोटो काढून घेते म्हणाली, आणि तोंड काही फिरवले नाही. नाव विचारायचे राहून गेले, वहीत "केस" एवढेच लिहिले आहे.

ज्याची काच त्याने मागितली तर नलूने देऊन टाकावी. वर्तमानपत्रवाल्यांना देऊ नये. राज्य होणार म्हटल्यापासून चळवळीच्या दिवसांचे फोटो सगळ्यांना हवे झाले आहेत. त्या दिवसांत मी मोर्च्यात कॅमेरा घेऊन उभा राहिलो की हेच लोक म्हणायचे, "ए, बाजूला हो."

आणि एक. माझी पत्नी राधाबाई १९५१ साली वारली. या तेवीस डब्यांत तिचा एकही फोटो नाही. दर रविवारी ती लुगडे बदलून बसायची आणि दर रविवारी मला कोणाचे तरी लग्न असायचे. तिचा चेहरा मला नीट आठवतो की नाही, हे मी स्वतःला विचारत नाही. हे कलमात बसत नाही असे वकील म्हणाले. राहू दे.

कलम ७. दत्ताराम. हे कलम लांब आहे. वकील म्हणाले, काटा. काटत नाही.

१९४४ साली लालबागच्या एका भजनी मंडळाचा मी ग्रुप फोटो काढला होता. एका रांगेत अकरा जण, पुढे पेटीवाला. माझ्या पद्धतीप्रमाणे वहीत डावीकडून नावे लिहिली. डावीकडून चौथा दत्ताराम मांडवकर, वय तेव्हा बावीस. त्याचा आयुष्यातला हा एकच फोटो. फोटो काढला की आयुष्य कमी होते असे मानणाऱ्यांपैकी तो होता. मंडळींनी ओढून बसवला म्हणून बसला.

गोळीबारात दत्ताराम गेला. बायको गावी, तिला तार गेली. तेराव्याला मंडळाने शोकसभा ठेवली आणि फोटो हवा झाला. नाना खामकर स्वतः माझ्या खोलीवर आले. त्याआधी बारा वर्षे मी त्या मंडळाचे फोटो काढत होतो, ते दारातून. हॉलमध्ये मारुती आहे. मी तेव्हा महार होतो. नाना मला "काय रे शामा" म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, "शामराव, हुतात्म्याचं काम आहे. तुमच्याशिवाय कोण करणार?"

मला "तुम्ही" म्हणाले. मी हुरळलो, दुसरे काय.

हातात एक रात्र होती. ग्रुपच्या काचेतून एकाच माणसाचे तोंड मोठे करायचे, मागचे लोक काळ्या रंगाने पुसायचे, डोळ्यांत ब्रशने चमक भरायची, अंगात कोट रंगवायचा. हे काम मी झोपेत करीन. गडबडीत काच एन्लार्जरमध्ये उलटी बसली. मसाल्याची बाजू खाली हवी ती वर राहिली. असे झाले की चित्र आरशातल्यासारखे पडते, डावा माणूस उजवीकडे जातो. मी कागदावर डावीकडून चौथा मोजला आणि तेच तोंड मोठे केले. तो खरा उजवीकडून चौथा होता: राजाराम पेडणेकर, मृदंगवाला. सत्तेचाळीस साली गिरणी सोडून मालवणात गेला. माझ्या माहितीप्रमाणे आजही धडधाकट आहे आणि सोड्याच्या बाटल्या विकतो. आपल्याला इथे रोज उदबत्ती लागते याचा त्याला पत्ता नाही.

कोणी ओळखले कसे नाही, असे विचाराल. दत्तारामच्या खोलीतले दोघे सत्याग्रहात तुरुंगात होते, सुटले ते परस्पर गावी गेले. बाकीच्यांना काहीतरी चुकल्यासारखे वाटले असणार, पण रंगवलेल्या मोठ्या फोटोत कोणता माणूस स्वतःसारखा दिसतो? शिवाय बारा वर्षांपूर्वीचा. आणि हुतात्म्याच्या तसबिरीसमोर उभे राहून शंका कोण काढणार?

मला हॉलमध्ये आत बोलावले. खुर्ची दिली. चहा दिला, सगळ्यांच्या कपातला कप, बशीसकट. मारुती समोर होता, त्याने काही केले नाही. मी तो चहा किती हळू प्यालो ते मला अजून आठवते.

मग सुंदराबाई आली, दत्तारामची बायको. जयगडहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरून थेट तिथे. काखेला अडीच वर्षांची कांता. तसबिरीवरचे फडके काढले. तिने पाहिले, पुढे झाली, पुन्हा पाहिले, आणि सगळ्या सभेत म्हणाली, "ह्ये कांताचे बापूस न्हवत."

नाना हसल्यासारखे करून म्हणाले, "बाई, दुःखात असं होतं. शामराव, तुम्ही सांगा त्यांना. तुम्ही जाणते."

मी ओल्या कागदावरचे तोंड रात्रभर पाहिले होते, दत्तारामचे नव्हे, एक तोंड. मला खात्री नव्हती. "थांबा, काच तपासून येतो" एवढेच म्हणायचे होते. वरळीला जाऊन यायला तास लागला असता. पण मी खुर्चीवर बसलो होतो. मी म्हटले, "बाई, हे तुमच्या लग्नाआधीचं तोंड आहे. तुम्ही ते पाहिलेलंच नाही."

लग्न एकोणपन्नासचे, फोटो चव्वेचाळीसचा. तिने एकदा तसबिरीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि खाली बसली. मग मोठ्याने रडली. सभेला वाटले, आता ओळखले.

दुसऱ्या दिवशी मंडळासाठी सगळ्या ग्रुपची प्रत काढायला बसलो आणि कागदावर पेटीवाला उजव्या हाताने भाता ओढताना दिसला. पेटीचा भाता डाव्या हाताने ओढतात. काच सुलटी केली, डावीकडून चौथा मोजला, तोंड मोठे केले. दत्ताराम. मी ओळखत होतो की त्याला! एकदा डिलाइल रोडला माझी तिपाई त्याने उचलून दिली होती.

धावत नानांकडे गेलो. नानांनी ऐकून घेतले, दार लोटले आणि म्हणाले, "झालं ते झालं. पत्रकात छापलंय, पुढारी येऊन हार घालून गेले. आता बोललास तर हसं तुझं नाही, चळवळीचं होईल. विरोधक टपलेलेच आहेत. शामा, तोंड मिटून बस."

एका दिवसात शामरावचा पुन्हा शामा झाला. आणि मी तोंड मिटून बसलो. शामा म्हटल्यावर तरी उठायला हवे होते. मला वाटले, पुढच्या सभेला पुन्हा खुर्ची मिळेल. मिळाली नाही हेही नोंदवून ठेवतो. त्याच वर्षी दसऱ्याला नागपूरला जाऊन मी दीक्षा घेतली. खोटे बोलणार नाही अशी शपथ तिथे घेतली. घेताना ट्रंकेतला तो फोटो डोळ्यांसमोर होता, आणि परत आल्यावरही मी तो ट्रंकेतच ठेवला.

सत्तावन्नच्या मे महिन्यात खरा फोटो घेऊन सुंदराबाईच्या गावी गेलो. तिने पडवीत बसवले, पाणी वरून ओतले. त्याची तक्रार नाही, गावची रीत. भिंतीवर मंडळाने दिलेली प्रत होती, राजाराम पेडणेकर, अबोलीच्या ताज्या गजऱ्यात. कांता मला हाताला धरून तिथे घेऊन गेली आणि म्हणाली, "ह्यो माजा बापूस." सुंदराबाई म्हणाली, "तुमच्यामुळं पोरीला बापूस कळला हो, दादा." ट्रंक माझ्या पायाशी होती. कडी काढायला वाकलो आणि चप्पल घालून उठलो. येताना घाटात ट्रंक दरीत टाकावी असे मनात आले. काचा होत्या म्हणून टाकली नाही.

कलम ८. नाना खामकर यांस: डबा नंबर एकोणीस. यात त्यांचे एकसष्ट फोटो आहेत. प्रत्येक सभेत फोटो काढायच्या वेळी ते अर्धे पाऊल पुढे सरकतात. त्यामुळे एकसष्टांपैकी चाळीस फोटोंत ते धूसर आले आहेत. हे मी त्यांना कधी सांगितले नाही. आता सांगतो.

कलम ९. दत्तारामचा खरा फोटो, मोठा, चौकटीसह, व त्याची काच: श्रीमती सुंदराबाई दत्ताराम मांडवकर यांस द्यावी. नलूने स्वतः गावी जाऊन हातात द्यावी, पोस्टाने नव्हे. कलम सात त्यांना वाचून दाखवावे, आणि माझ्या वतीने पाया पडावे.

पुरवणी. वरचा मजकूर एप्रिलअखेर लिहून झाला, सही तेवढी राहिली होती. १ मे रोजी राज्य झाले. मंडळाने हुतात्म्यांच्या घरच्यांचा सत्कार ठेवला आणि सुंदराबाईला बोलावले. मला कळताच मी नलूला पाठवून निरोप दिला. सोमवारी ती कांताला घेऊन खोलीवर आली. हातात सत्काराचा नारळ आणि खण होता. कांताला नलू रोषणाई दाखवायला गॅलरीत घेऊन गेली.

मेल्यावर सांगणे म्हणजे पुन्हा पळ काढणेच. म्हणून मी तिच्या हातात फोटो दिला आणि सगळे सांगितले. काच, भाता, खुर्ची, चहा, काही लपवले नाही. ती चिडेल, थोबाडीत मारील, असे वाटले होते. मारती तर बरे झाले असते.

ती फोटो घेऊन खिडकीशी गेली. तळव्याने मिशा झाकून डोळे पाहिले. मग डोळे झाकून हनुवटी पाहिली. मग म्हणाली, "कान त्यांचाच हाय."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं गावत नाय, दादा. डोळं मिटलं की तुमचा तो दुसराच येतो."

मी म्हटले, "घेऊन जा. रोज पाहिलात की आठवेल."

तिने फोटो पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला, सुतळी होती तशी बांधली आणि माझ्या मांडीवर ठेवला. "नको. घरी एक हाय. पोर त्याला बापूस म्हनते. तिला आता काय सांगू, ह्यो नव्हं, त्यो? आनि ते चारचौघांत वाचू बिचू नका."

मी बरे म्हटले. नारळ उचलून ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"म्हंजे त्या दिशी माजंच खरं होतं?"

"होय बाई. तुमचंच खरं होतं."

तिने मान हलवली आणि कांताला हाक मारली.

तेव्हा कलम २ मधील वाचनाची अट रद्द. नानांचे फावले, फावू दे. कलम ९ रद्द. दत्तारामचे तोंड ओळखणारा माणूस आता माझ्या माहितीत मीच एक उरलो आहे, आणि डॉक्टरांनी मला पावसाळ्यापर्यंतची मुदत दिली आहे. फोटो कोणाला द्यावा हे लिहायला माझ्याजवळ नाव नाही. वकील म्हणतात, अशी जागा मोकळी सोडता येत नाही. मी सोडतो आहे.

दत्ताराम मांडवकर यांचा फोटो व काच मिळणार: ____________________

हे मी वाचले, मला वाचून दाखवले, आणि माझ्या हाताने सही केली.

शामराव रामजी गमरे

आमच्या समक्ष सही केली:
१. मॅथ्यू डिमेलो, कंपाउंडर, राहणार वरळी
२. गोविंद लक्ष्मण मोहिते, फिटर, राहणार बी.डी.डी. चाळ, वरळी

मुक्काम मुंबई, तारीख ५ मे १९६०